समुपदेशनात उपदेश नसतो

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत नवराबायकोच्या समुपदेशनावर लेख होता आणि त्यावर बुधवारी एका वाचकांचं पत्र छापून आलं, की आमच्या पिढीला असल्या गोष्टींची गरज पडली नाही, घरात मोठी माणसं होती, भांड्याला भांडं लागायचं आणि आवाज आपोआप थांबायचा, आता घरातली गोष्ट परक्या माणसाला पैसे देऊन सांगायची ही कसली पद्धत. मला त्या वाचकांचा राग आला नाही, कारण २०१९ पर्यंत मी पण अगदी हेच बोलायचो. म्हणून त्यांच्यासाठी आणि त्यांच्यासारखा विचार करणाऱ्या इतर लोकांसाठी माझं स्वतःचं काय झालं ते लिहितोय. पत्र मोठं होईल, त्याबद्दल आधीच माफी मागतो.

मी डोंबिवलीला राहतो, लोअर परळला एका खाजगी कंपनीत अकाउंट्सला आहे. लग्न १९९८ चं, बघून ठरवून केलेलं. एक मुलगा एक मुलगी. दारू नाही, मारहाण नाही, बाहेरचं कुठलं प्रकरण नाही, लोक ज्याला चांगला संसार म्हणतात तसा होता. आणि त्या संसारात २०१८ च्या जून पासून २०१९ च्या एप्रिल पर्यंत, म्हणजे दहा महिने, आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नव्हतो. वन बीएचके मध्ये. "पप्पांना सांग दूध आणायला" आणि "आईला विचार माझा डबा भरला का", सगळं मुलीच्या तोंडून. मुलगी क्लासला गेली की व्हॉट्सअ‍ॅप वर, ही, म्हणजे बायको, किचन मधे आणि मी हॉल मधे, मधे फक्त एक भिंत, आणि मेसेज यायचा "गॅस बुक करा". मी "केला" लिहायचो. ते चॅट अजून फोनमधे आहे, दहा महिन्यांत एक सुद्धा वाक्य चार शब्दांच्या वर गेलेलं नाही.

झालं होतं असं की वडिलांना २०१७ च्या दिवाळीत अर्धांगवायू झाला. ते गावाला, देवरुख जवळ, धाकट्या भावाकडे असायचे. सगळं तोच करत होता, उचलणं, अंघोळ, डॉक्टर, आणि फोनवर एकदा बोलून गेला की "तू तिकडे मजेत आहेस." ते माझ्या मनाला फार लागलं. त्यानंतर त्याने पैसे मागितले आणि मी चार लाखाची एफडी मोडून त्याला दिले. ती एफडी मुलाच्या इंजिनिअरिंगच्या अ‍ॅडमिशन साठी ठेवलेली होती, नाव माझं असलं तरी त्यात हिचेही पैसे होते, ही शिकवण्या घ्यायची त्यातले. हिला मी सांगितलं नाही. सांगू सांगू करत राहिलो. जून मधे अ‍ॅडमिशनची कागदपत्रं शोधताना हिला कपाटातल्या फाईलमधे एफडी मोडल्याची पावती सापडली.

त्या दिवशी भांडण झालं ते झालं, आणि नंतर शांतता.

आता मोठी माणसं असण्याबद्दल. आमच्याकडे पण मोठी माणसं होती आणि ती आली सुद्धा. सप्टेंबर मधे गणपती झाल्यावर माझे मामा गावाहून आले, हिचा मोठा भाऊ बदलापूरहून आला, शेजारचे काका बसले, चहा चिवडा झाला आणि तासाभरात निकाल लागला. मला सांगितलं तू चूक झाली म्हण, हिला सांगितलं आता विषय वाढवू नकोस, मुलं मोठी झालीत. मी चूक झाली म्हणालो. ही हो म्हणाली. मंडळी समाधानाने गेली, हिने कपबशा धुतल्या, आणि आमचा अबोला जिथे होता तिथून परत सुरू झाला. मला तेव्हा हिचाच राग आला होता, एवढी माणसं आली, मी सगळ्यांसमोर खाली मान घातली, अजून काय पाहिजे. पुढे कळलं की त्या बैठकीत माझं म्हणणं सगळ्यांना माहीत होतं, हिचं म्हणणं पण सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी विचारलंच नाही. आणि त्या खोलीत एकही माणूस असा नव्हता ज्याचा त्यात काही संबंध नव्हता. मामांनीच मला फोन करून भावाला मदत कर म्हणून सांगितलं होतं. हिच्या भावाला बहीण माहेरी येऊन बसेल याची काळजी होती. वाईट कुणीच नव्हतं, सगळ्यांना प्रकरण मिटवायचं होतं. फक्त मिटवणं आणि समजून घेणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

समुपदेशन हा शब्दच मला वाटतं लोकांना घाबरवतो. त्यात उपदेश बसलेला आहे. माणसाला वाटतं तिथे गेलो की कुणीतरी समोर बसून संसार कसा करावा हे सांगणार, आणि ते ऐकून घ्यायला पैसे पण आपणच द्यायचे. माझा समज तोच होता. आणि दुर्दैवाने ज्या पहिल्या ठिकाणी आम्ही गेलो तिथे तसंच घडलं.

तिथे आम्ही गेलो कसे तर मुलीमुळे. ती तेव्हा नववीत होती. माझं बीपी वाढलं म्हणून फॅमिली डॉक्टरकडे गेलो होतो, ती सोबत होती, डॉक्टरांनी सहज विचारलं घरी काही टेन्शन आहे का, मी नाही म्हणालो, आणि ही पोरगी तिथेच म्हणाली "काका, हे दोघं भांडत सुद्धा नाहीत, भांडले तरी चालेल मला." डॉक्टरांनी मला परत बोलावून घेतलं आणि एका काउन्सेलरचं नाव दिलं. बायकोला मी चिठ्ठीवर लिहून विचारलं येशील का. हिने त्याच चिठ्ठीवर "येईन" लिहिलं.

पहिल्या काउन्सेलरचं नाव गाव सांगत नाही. पाऊण तास झाला त्यातला अर्धा तास तेच बोलले. अर्धं इंग्रजीत. मला म्हणाले पैशाचे व्यवहार बायकोला विचारून करावेत, हिला म्हणाले अ‍ॅडजस्ट करा, मुलीचं लग्न व्हायचंय अजून. मुलगी नववीत! ही परत येताना रिक्षात दहा महिन्यांनी पहिल्यांदा माझ्याशी सरळ बोलली, म्हणाली "मी परत तिथे जाणार नाही. आणि मला माझं भांडण इंग्रजीत सांगता येत नाही." हे दुसरं वाक्य मला फार महत्वाचं वाटतं. माणूस आयुष्यभर मराठीत भांडलेला, मराठीत रुसलेला असतो, त्याने ते सगळं इंग्रजीत कसं मांडायचं. शहरात आता शिकलेले काउन्सेलर भरपूर आहेत पण ज्यांच्यासमोर आपल्या भाषेत तोंड उघडावं असं वाटेल असे सापडायला वेळ लागतो, तेवढा वेळ लोकांनी द्यावा असं मी कळकळीने सांगतो. एक ठिकाण बरोबर नाही निघालं म्हणून ती गोष्टच खोटी ठरत नाही. दाताचा एक डॉक्टर वाईट निघाला म्हणून आपण दात दुखत ठेवत नाही.

दुसऱ्या मॅडम ठाण्याच्या. पन्नाशीच्या, क्लिनिकल सायकॉलॉजी शिकलेल्या, जोडप्यांसोबत काम करायचं वेगळं ट्रेनिंग घेतलेल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं की चूक कुणाची हे मी ठरवणार नाही, आणि तुम्ही एकत्र राहायचं की नाही हे पण मी ठरवणार नाही. मला तेव्हा वाटलं मग आम्ही आलो कशाला.

मग त्यांनी एक काम दिलं. हिने पाच मिनिटं बोलायचं, मी मधे एक अक्षर बोलायचं नाही, आणि नंतर ही काय म्हणाली ते मी माझ्या शब्दांत सांगायचं. माझं मत नाही, उत्तर नाही, फक्त ही काय म्हणाली ते. मला वाटलं सोपं आहे. ही बोलली. मी सांगितलं, "तिचं म्हणणं आहे की मी चार लाख दिले ते चुकीचं केलं." ही म्हणाली, "नाही, मी असं म्हणाले नाही." परत सांगितलं. परत नाही. तिसऱ्यांदा मी जरा चिडूनच म्हणालो मग नक्की काय म्हणणं आहे तुझं, आणि तेव्हा मॅडम मला म्हणाल्या, हा प्रश्न आता खरंच उत्तर ऐकण्यासाठी विचारा. मी विचारला. ही म्हणाली, "भावाला पैसे द्यायला मी कधी नको म्हणाले असते? सासऱ्यांच्या औषधपाण्याला नको म्हणाले असते? तुम्ही मला विचारलं नाही. वीस वर्षं ह्या घरात मी आहे आणि त्या पावतीवरून मला कळलं की माझं मत लागतच नाही."

वीस वर्षांच्या संसारात आणि दहा महिन्यांच्या अबोल्यात मी समजत होतो की भांडण चार लाखांचं आहे. मी मनातल्या मनात हिला लोभी ठरवून बसलो होतो, माझ्या माणसांवर खर्च झाला की हिला दुखतं असं. आणि ते भांडण पैशाचं नव्हतंच.

माझी पाळी आली तेव्हा मी भावाच्या त्या फोनबद्दल बोललो. तू मजेत आहेस म्हणाला ते. मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. वडील तिकडे अंथरुणात आणि मी इकडे एसी ऑफिसात, त्याची मला लाज वाटायची, आणि ती लाज पैसे देऊन उतरवता येईल असं वाटलं, आणि हिला सांगितलं तर ही हिशोब विचारेल आणि हिशोबाचं बोलणं तेव्हा मला सहन होणार नव्हतं. हे सगळं बोलताना मला रडू आलं. हिने मॅडमना सांगितलं ते मला आठवतं, "हे मला माहीतच नव्हतं, मला वाटलं ह्यांना मी परकी वाटते म्हणून सांगितलं नाही."

एवढं एका सेशनमधे झालं आणि आम्ही सुखाने राहू लागलो असं लिहिलं तर ते खोटं होईल. पुढे चौदा सेशन झाली, डिसेंबर पर्यंत, आधी दर आठवड्याला मग पंधरा दिवसांनी. मधे दोनदा असं वाटलं की सोडून द्यावं. एका सेशनला ही उठून बाहेर गेली होती. पण जे शिकलो ते अगदी साधं, घरगुती आणि कुणालाही शिकता येण्यासारखं आहे म्हणून थोडं सांगतो.

रोज संध्याकाळी मी घरी आलो की वीस मिनिटं गॅलरीत चहा घेऊन बसायचं, फोन आत ठेवायचे, आणि त्या वीस मिनिटांत हप्ते, मुलांचे मार्क आणि सासर माहेर हे तीन विषय बंद. पहिला आठवडा आम्हाला बोलायला काहीच सापडलं नाही. अक्षरशः खालच्या गाड्या बघत बसलो. एवढ्या वर्षांत आमचं सगळं बोलणं ह्या तीन विषयांवरच होतं हे तेव्हा लक्षात आलं. मग एक दिवस ही तिच्या शिकवणीतल्या एका मुलाबद्दल बोलली, मी लोकलमधल्या भजनी मंडळाबद्दल बोललो, असं करत करत सुरू झालं.

दुसरी गोष्ट, भांडण तापायला लागलं, छाती धडधडायला लागली की थांबायचं. पण दार आपटून निघून जायचं नाही, तर सांगून जायचं, "मी वीस मिनिटांनी येतो" आणि वीस मिनिटांनी खरंच यायचं. माझी सवय म्हणजे शर्ट अंगावर चढवून सरळ स्टेशनच्या दिशेने चालत सुटायचं, कधी येणार ते न सांगता. माझ्या मते मी भांडण टाळत होतो. हिच्या मते मी हिला सोडून जात होतो, दर वेळी. मॅडमनी सांगितलं की अमेरिकेत सिएटलला जॉन गॉटमन नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी कितीतरी जोडप्यांना प्रयोगशाळेत बसवून, त्यांच्या हृदयाचे ठोके मोजत त्यांची भांडणं बघितली, आणि त्यात दिसलं की ठोके फार वाढले की माणसाला समोरच्याचं नीट ऐकूच येत नाही, म्हणून ही विश्रांती. त्याच अभ्यासात नातं पोखरणाऱ्या चार सवयी दिसल्या, तक्रारी ऐवजी माणसावरच दोष ठेवणं, तुच्छतेने बोलणं, प्रत्येक गोष्टीत स्वतःचा बचाव करणं आणि भिंतीसारखं गप्प होऊन जाणं. चौथी सवय माझी. पहिली हिची, हे तिने स्वतः कबूल केलं. आणि अजून एक मला फार दिलासा देणारी गोष्ट, की नवराबायकोतले साधारण दोन तृतीयांश वाद कायमचे असतात, कधीच सुटत नाहीत, चांगल्या चाललेल्या जोडप्यांत सुद्धा नाही. फरक एवढाच की ती जोडपी त्या वादावर एकमेकांशी बोलू शकतात. मी तोपर्यंत समजायचो की वाद शिल्लक आहे म्हणजे संसार फसला.

तिसरी गोष्ट मी स्वतःहून कधीच ओळखली नसती. मॅडमनी हिला झोपेबद्दल विचारलं, अंगातून वाफा येतात का विचारलं आणि बायकांच्या डॉक्टरकडे जाऊन या म्हणाल्या. ही तेव्हा शेहेचाळीस वर्षांची होती, पाळी जायचं वय. रात्र रात्र झोप नाही, घाम, चिडचिड. मी त्या चिडचिडीचा अर्थ असा लावून बसलो होतो की वडील गेल्यावर आई आमच्याकडे राहायला आली ते हिला नकोय. औषध सुरू झाल्यावर, झोप यायला लागल्यावर हीच बाई माझ्या आईला घेऊन रोज देवळात जायला लागली. कुणी घरातल्या माणसाने हे विचारलं असतं का? मामांनी विचारलं असतं? आमच्याकडे ह्या विषयावर बोलतात तरी का.

मग लगेच लॉकडाऊन आला. वन बीएचके मधे आई, आम्ही दोघं, होस्टेलवरून परत आलेला मुलगा आणि दहावी नुकतीच झालेली मुलगी, पाच माणसं, दोन लॅपटॉप. २०१८ सारखे असतो तर काय झालं असतं याचा विचार करवत नाही.

आता जरा माझ्या घराबाहेरचं लिहितो.

आपल्याकडे बहुतेक जोडप्यांना समुपदेशक पहिल्यांदा भेटतो तो कोर्टात. १९८४ चा कुटुंब न्यायालय कायदा आहे, त्याच्या कलम ९ मधे कोर्टाने आधी समेटाचा प्रयत्न करावा असं आहे, आणि महाराष्ट्रात पुण्यामुंबईला १९८९ पासून ही कोर्टं चालू आहेत, तिथे विवाह समुपदेशक नेमलेले असतात, त्यांची फी नसते, तिथे बोललेलं गुप्त राहतं. चांगलीच सोय आहे ही. पण तिथे जोडपं पोचतं तेव्हा नोटिसा गेलेल्या असतात, पोटगीचा आकडा लिहून झालेला असतो, दोन्ही घरच्यांनी एकमेकांना फोनवर नको ते बोलून झालेलं असतं, आणि अर्जात वकिलाने लिहिलेली वाक्यं दोघांनीही वाचलेली असतात. त्यानंतर बांद्र्याच्या कुटुंब न्यायालयातल्या त्या खोलीत बसून "तुम्ही काय म्हणालात ते मी माझ्या शब्दांत सांगतो" हे कोण करू शकणार. आपण दुखणं अंगावर काढतो आणि मग थेट आयसीयूत नेतो. सर्दी खोकल्याला डॉक्टरकडे जाणारा माणूस सहा सहा वर्षं आतल्या आत कुढत राहतो. माझं म्हणणं एवढंच की भांडण चालू असतानाच जा. एकमेकांवर राग येतोय तोवर जा, काहीच वाटेनासं झालं की मग काउन्सेलर तरी काय करणार.

वसईकडचे आणि गोव्याचे आमचे ख्रिश्चन मित्र सांगतात की त्यांच्यात चर्चमधे लग्न लागायच्या आधी जोडप्याला तयारीचा कोर्स करावाच लागतो, पैसा, मुलं, सासर, सगळ्यावर बोलायला लावतात. आपण कुंडली बघतो, हॉल बघतो, केटरर बघतो. पैशाचे निर्णय कोण घेणार हा एक प्रश्न १९९८ ला कुणी आम्हाला विचारला असता तर बरं झालं असतं.

आणि गरज नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा लोकलच्या डब्यात वर बघावं. खिडकीच्या बाजूला, दाराच्या वर, छोटी छोटी पोस्टरं चिकटवलेली असतात, पतीपत्नीत अनबन, गृहक्लेश, वशीकरण, चोवीस तासात गॅरंटी, आणि खाली मोबाईल नंबर. मी तीस वर्षं हा प्रवास करतोय, ती पोस्टरं कधी कमी झाली नाहीत. म्हणजे कुणीतरी फोन करतंय. घरातल्या मोठ्यांना सांगता येत नाही, काउन्सेलरकडे जायची लाज वाटते, म्हणून बाया माणसं त्या बाबांना फोन करतात आणि अंगठ्या ताईत घेऊन येतात. तिथे पैसे घालवतात त्यापेक्षा माझी चौदा सेशनची फी नक्कीच कमी झाली असेल.

फी परवडत नाही हे कारण खरं आहे, ते मी नाकारत नाही. ठाण्याच्या मॅडम एका सेशनचे बाराशे घ्यायच्या, आम्हाला ते जड गेले, पण गेले. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी सरकारी आणि पालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलात मानसोपचार विभाग असतो, केसपेपर काढायचा आणि बसायचं, रांग असते पण माणसं चांगली असतात. टेलिमानस म्हणून मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हा सरकारी नंबर २०२२ पासून आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, सुरुवात करायला तो पण चालतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे केस टाकायच्या आधी अर्ज करून मध्यस्थी मागता येते. घरात दारूचा प्रश्न असेल तर मात्र आधी त्याचा इलाज, पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे काम करतंय आणि तिथे नवऱ्यासोबत बायकोला पण बसवून बोलतात. दारू चालू ठेवून नवराबायकोच्या संवादाची सेशन करण्यात काही अर्थ नाही.

काउन्सेलर निवडताना त्यांचं शिक्षण काय ते सरळ विचारा, जोडप्यांसोबत काम केलंय का विचारा. विचारल्यावर रागावले तर उठून या. समुपदेशक असा बोर्ड लावायला आपल्याकडे फारसं काही लागत नाही. तुमचा संसार इतक्या दिवसात नीट करून देतो असं कुणी म्हणालं तर तिथूनही उठा.

आता एक गोष्ट जी लिहिल्याशिवाय हे पत्र पूर्ण करणं मला बरोबर वाटत नाही. जिथे मारहाण आहे तिथे मी वर लिहिलेलं काहीही लागू नाही. माझ्या चुलत बहिणीच्या मुलीला नवरा मारायचा. ती तीनदा माहेरी आली आणि तीनदा आम्ही मोठ्या माणसांनी बसून, समजूत घालून तिला परत पाठवली. दुसऱ्या बैठकीत मी होतो. मी तिला म्हणालो होतो, "थोडं तुझंही चुकत असेल बेटा." तिसऱ्या वेळी ती हात मोडून आली. माझं ते वाक्य मला अजून झोपू देत नाही. शेवटी तिला मदत झाली ती पोलीस ठाण्यातल्या महिला व बालकांसाठीच्या विशेष कक्षात, हे कक्ष टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबईत पोलीस आयुक्तालयात सुरू केले आणि आता राज्यभर आहेत. तिथल्या ताईंनी तिला पहिल्यांदा विचारलं, तुला परत जायचंय का, आणि आज रात्री तू सुरक्षित आहेस का. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली जे नियम आहेत त्यात स्पष्ट आहे की समुपदेशनात मारणाऱ्याला आपल्या मारहाणीचं समर्थन करता येणार नाही. मला ते तेव्हा माहीत असतं तर माझं तोंड बंद राहिलं असतं. ज्या घरात हात उचलला जातो तिथल्या बाईने आधी १८१ किंवा ११२ ला फोन करावा, जोडीने सेशनला बसायची घाई कुणी करू नये, कारण तिथे ती खरं बोलली तर घरी गेल्यावर त्याची किंमत तिलाच द्यावी लागते.

आमच्या भाचीने नंतर घटस्फोट घेतला, परस्पर संमतीने. त्याला कायद्याने एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं आणि अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं, २०१७ पासून सुप्रीम कोर्टाने ते सहा महिने माफ करायची मोकळीक कोर्टाला दिलीय. त्या काळात ती एकटी काउन्सेलरकडे जायची. म्हणजे समुपदेशन लग्न टिकवायलाच असतं असं पण नाही. नीट वेगळं व्हायला, लेकराला मधे न ओढता वेगळं व्हायला सुद्धा त्याचा उपयोग होतो. तिचा मुलगा आज बापाला दर रविवारी भेटतो, आणि ते भेटवणं तिच्या आईच्या घरी, माणसांसमोर, तिच्या अटींवर होतं.

संपादक साहेब, तुम्हाला एक विनंती. तुम्ही राशीभविष्य रोज छापता. आठवड्यातून एकदा, कोपऱ्यात का होईना, प्रत्येक जिल्ह्यात नवराबायकोला फुकट किंवा कमी पैशात कुठे बोलता येईल त्याची यादी छापा, वार आणि वेळेसकट. आणि ज्या तालुक्यात कुटुंब न्यायालय नाही, जिथे अशा केसेस नेहमीच्या कोर्टात चालतात, तिथे समुपदेशक का नाही हा प्रश्न तुमच्या वार्ताहरांनी लावून धरावा. माझ्या देवरुखच्या भावाला उद्या गरज पडली तर त्याने कुठे जायचं, ठाण्याला?

भावाचा विषय आमच्याकडे अजून आहे. ते चार लाख परत आले नाहीत, येतील असं वाटत नाही, आणि गणपतीला गावाला निघायच्या आधी दर वर्षी ह्यावरून आमचं वाजतं. ह्या वर्षी पण वाजलं. मी शर्ट घातला, मग वीस मिनिटांनी येतो म्हणालो, खाली एक चक्कर मारून आलो, तोपर्यंत हिने चहा ठेवला होता.

हे पत्र मी हिला वाचून दाखवलं. अबोला मी अकरा महिने लिहिला होता, ही म्हणाली दहा, आणि रिक्षात ती नेमकं काय म्हणाली ते पण मी चुकीचं लिहिलं होतं. दोन्ही दुरुस्त केलंय. भाचीबद्दल लिहायला भाचीला विचारलं, ती लिहा म्हणाली. नाव मात्र छापू नये.

आपला,
एक नियमित वाचक,
डोंबिवली (पूर्व)